सातारा–सांगली सरहद्दीवरील उठाव व ब्रिटिश प्रशासन

मुंबई प्रांतातील सातारा जिल्हा आणि त्यास लागून असलेली औंध, सांगली, मिरज, फलटण, कोल्हापूर इ. संस्थाने यांच्या सरहद्दीवर १९३० ते १९४६ या काळात झालेली जनआंदोलने व ती मोडून काढण्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी योजिलेले उपाय. या आंदोलनांचा अखेरचा व सर्वांत प्रखर टप्पा ‘प्रतिसरकार’ अथवा ‘पत्री सरकार’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याविषयी नेत्यांच्या व कार्यकर्त्यांच्या पराक्रमाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रशासनाच्या अंगाने त्याकडे पाहू लागले की, एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. कायदा, पोलीस, दंड, तुरुंग ही शासनाची सर्व साधने जिल्हा व तालुका या चौकटीत बसविलेली होती आणि कृष्णा, येरळा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत ही चौकट ठिकठिकाणी तुटलेली होती.

ही तुटकी चौकट ब्रिटिशांनीच घडविली होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करताना लॉर्ड डलहौसी याने छत्रपतींचा मुलूख घेतला. तथापि त्यांचे जहागीरदार कायम राहिले. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे यांच्या जहागिरी पुढे संस्थाने म्हणून चालू राहिल्या. दक्षिणेस पटवर्धनांची सांगली, मिरज, कुरुंदवाड ही संस्थाने होती व वारणेपलीकडे कोल्हापूर होते. यांतील फारच थोड्या संस्थानांचा मुलूख सलग होता. सांगली संस्थानचे तालुके मंगळवेढ्यापासून तेरदाळ, शिरहट्टीपर्यंत विखुरलेले होते. औंध हे तर तुकड्यातुकड्यांचेच संस्थान. त्याचा एक तुकडा आटपाडीकडे आणि दुसरा कुंडल येथे, म्हणजे तासगाव व खानापूर या ब्रिटिश तालुक्यांच्या ऐन मध्यभागी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी ही उद्योगनगरी याच कुंडल तुकड्यात होती. शेत एका हद्दीत व घर दुसऱ्या हद्दीत, मुलगी ब्रिटिश गावची व सासर संस्थानातले, हा तेथील नित्याचा प्रकार होता. शेतकऱ्याच्या लेखी ही हद्द म्हणजे एखादा ओढा किंवा बांध. फौजदाराच्या लेखी मात्र तेथे त्याचा अधिकार संपत असे.

साताऱ्याच्या कलेक्टराच्या हाताखाली प्रांत व मामलेदार, जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या हाताखाली फौजदार आणि सर्वांच्या तळाशी गावचा पोलीस पाटील, अशी ब्रिटिश जिल्ह्यातील रचना होती. संस्थानांचा संबंध कलेक्टराशी नव्हता. दक्षिणी संस्थानांचा राजकीय कारभार १९३३ नंतर कोल्हापूरच्या रेसिडेंटामार्फत थेट व्हाइसरॉयकडे जात असे. त्यामुळे साताऱ्याच्या अधीक्षकाला कुंडलमधील माणूस हवा असल्यास रीतसर मागणी, लेखी व्यवहार आणि दरबाराची संमती एवढी वाट तुडवावी लागे. हव्या असलेल्या माणसाला तेवढ्या वेळात पुन्हा दुसऱ्या हद्दीत जाणे सहज शक्य होते. यास अपवाद रेल्वेचा. पुणे–मिरज लोहमार्ग ब्रिटिश व संस्थानी अशा दोन्ही मुलखांतून जाई. पण रुळांच्या पट्ट्यावरील अधिकार संस्थानांनी ब्रिटिशांच्या स्वाधीन केलेला असे. परिणामी रुळांवर ब्रिटिश कायदा आणि रुळांच्या अलीकडे-पलीकडे दरबारी कायदा, अशी चमत्कारिक स्थिती कित्येक ठिकाणी होती.

या व्यवस्थेची पहिली परीक्षा १९३० च्या सविनय कायदेभंगाने घेतली. दारूच्या व विदेशी कापडाच्या दुकानांवरील पिकेटिंग, म्हणजेच निरोधन, हे त्या आंदोलनाचे सर्वांत सोपे व सर्वत्र करता येण्याजोगे अंग होते. दुकानापुढे हात जोडून उभा राहणारा स्वयंसेवक प्रचलित फौजदारी कायद्याच्या कोणत्याही कलमात नीटसा बसत नसे. म्हणून मे १९३० मध्ये धाकदपटशा प्रतिबंधक वटहुकूम काढण्यात आला व १९३२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाच्या सातव्या कलमाने निरोधन हा स्वतंत्र गुन्हा ठरला. हे कलम पुढे संपवाल्या कामगारांवरही चालविण्यात आले. इतकेच नव्हे, तर १९३८ मध्ये मद्रासच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने हिंदीविरोधी निदर्शकांवर त्याचाच उपयोग केला. शासनकर्ते बदलले, तरी हाताशी आलेले हत्यार खाली ठेवण्याची कोणाची सहसा तयारी नसते.

सातारा जिल्ह्यात मात्र १९३० चा खरा पेच दुकानांपुढे पडला नाही. तो जंगलात पडला. शिराळा पेट्यातील बिळाशी हे वारणाकाठचे गाव. नदी ओलांडली की कोल्हापूर संस्थान सुरू होई. जंगल सत्याग्रहात तेथील लोकांनी सागाचे झाड तोडले व त्याच्या सोटावर राष्ट्रध्वज उभारला. पोलिसांनी ध्वज उतरवावा आणि गावाने तो पुन्हा चढवावा, असा क्रम काही काळ चालला. अखेर सप्टेंबर १९३० मध्ये सशस्त्र पोलिसांची मोठी तुकडी येऊन बळाचा वापर झाला. एका गावासाठी एवढी शक्ती वापरावी लागली, याचा अर्थ अधिकाऱ्यांनी शिक्षा जरबेची झाली असा लावला. वारणा खोऱ्यातील लोकांनी त्यातून उलट बोध घेतला. पोलिसांची संख्या मोजकी आहे व ती एका वेळी एकाच ठिकाणी जमू शकते, हे त्यांना उमगले. येडे मच्छिंद्र येथील नाना पाटील (१९००–७६) यांनी याच वर्षी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत प्रवेश केला. सरकारी दप्तर, वसुली व पंचनामे यांची त्यांना असलेली जाण पुढे शासनाला महाग पडली.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठराव संमत होताच काँग्रेसच्या समित्या बेकायदेशीर ठरविण्यात आल्या व नेत्यांची धरपकड झाली. मुंबई प्रांतात नोव्हेंबर १९३९ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून गव्हर्नरचा कारभार चालू होता; त्यामुळे अधिकाऱ्यांवर विधिमंडळाचा कोणताही दाब नव्हता. शाळा ओस पडणे, बाजारपेठांतील हरताळ, तारा तोडणे असे प्रकार सातारा जिल्ह्यातही झाले. परंतु या जिल्ह्याचे वैशिष्ट्य म्हणजे तालुका कचेऱ्यांवर निघालेले मोर्चे. कचेरीवर राष्ट्रध्वज लावावयाचा व ब्रिटिश अंमल संपला असे मामलेदाराकडून मान्य करून घ्यावयाचे, हा त्यांचा हेतू होता. मोर्चेकऱ्यांत बहुतांश शेतकरी होते. सत्यशोधक चळवळीने या भागातील बहुजन समाजाला वीस-पंचवीस वर्षे आधीच सभेत उठून बोलण्याची सवय लावली होती, हे येथे विसरता येत नाही.

२४ ऑगस्ट १९४२ रोजी बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली कराडच्या कचेरीवर मोठा मोर्चा गेला. अधिकाऱ्यांनी पुढाऱ्यांना अटक केली आणि जमाव शांतपणे परतला. ३ सप्टेंबर रोजी तासगाव येथे याहून पुढची मजल गाठली गेली. जमावाचा आकार पाहून तेथील मामलेदाराने गांधी टोपी घातली व कचेरीवर ध्वज लावू दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. अवघ्या सहा दिवसांनी, ९ सप्टेंबर रोजी, वडूज येथे तशाच मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला; हाती ध्वज असलेले परशुराम घार्गे व त्यांच्यासमवेतचे अनेक जण त्यात मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबर रोजी, इस्लामपूर येथेही गोळ्या झाडण्यात आल्या व त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे यांना मरण आले. शेतकऱ्यांच्या मोर्चात कारखान्यातील अभियंता व औंध संस्थानातील रहिवासी ब्रिटिश तालुक्याच्या ठिकाणी येऊन मरतो, या एका घटनेत त्या प्रदेशातील हद्दींची निरर्थकता दिसून येते.

तासगाव आणि वडूज येथील घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. जमाव एकाच प्रकारचा होता, मागणी तीच होती व शस्त्रे कोठेही नव्हती. फरक पडला तो कचेरीच्या आतील माणसांच्या निर्णयामुळे. तासगावच्या मामलेदाराने सरकारची प्रतिष्ठा घालविली, अशी वरिष्ठांची भावना होणे स्वाभाविक होते. महायुद्ध चालू असताना व उत्तर भारतात रेल्वेमार्ग उखडले जात असताना प्रतिष्ठा हाच शासनाचा मुख्य आधार मानला जाई. लॉर्ड लिनलिथगो या व्हाइसरॉयने याच सुमारास चर्चिलला पाठविलेल्या तारेत १८५७ नंतरचा सर्वांत गंभीर उठाव असे या घटनांचे वर्णन केले होते. गोळीबारानंतर मोर्चे थांबले, हेही खरे. परंतु मोर्चा उघड असतो. त्याचे पुढारी समोर असतात, त्यांना पकडता येते व त्यांच्याशी बोलताही येते. कराडला हेच झाले होते. वडूज व इस्लामपूर येथील गोळीबाराने ही वाट बंद झाली आणि जे कार्यकर्ते अटक करवून घेण्यास तयार होते, ते भूमिगत झाले. प्रशासनाने एक मोठी चूक केली असेल, तर ती हीच होय.

यानंतर शासनाची भिस्त वटहुकुमांवर राहिली. भारत संरक्षण नियमांच्या २६ व्या नियमाखाली संशयितांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात येई; विशेष फौजदारी न्यायालयांत खटले झटपट चालत; १५ ऑगस्ट १९४२ च्या वटहुकुमाने सैनिकी अधिकाऱ्यांना बळाच्या वापराचे विस्तृत अधिकार मिळाले. गंमत अशी की, यांतील दोन शस्त्रे खुद्द फेडरल न्यायालयानेच १९४३ मध्ये बोथट केली. एप्रिलमध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणात २६ वा नियम अवैध ठरला व जूनमध्ये विशेष न्यायालयांचा वटहुकूमही टिकला नाही. सरकारने लागलीच नवे वटहुकूम काढून उणीव भरून काढली. त्यामुळे स्थानबद्धांच्या पदरी प्रत्यक्षात फारसे काही पडले नाही.

ग्रामीण भागात सर्वाधिक जाणवला तो सामुदायिक दंड. गावाच्या शिवारात तार तुटली वा चावडी जळली, तर दंड सबंध गावावर बसे आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे सक्तीने वसूल करता येई. कोणत्याही वर्गास त्यातून वगळण्याची मुभा सरकारला असल्याने गावात फूट पाडण्याचे साधनही आपोआप हाती आले. सातारा हा मराठा पलटणींना मोठ्या प्रमाणावर जवान पुरविणारा जिल्हा होता. ज्याचा मुलगा आफ्रिकेत वा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढत होता, त्याच बापाच्या दाराशी वसुलीचा शिपाई येणे, ही गोष्ट शासनाच्याच हिताची नव्हती. शिवाय दंड ब्रिटिश गावावर बसे आणि दोन मैलांवरील औंधच्या गावाला तो लागू नसे. करणारे मात्र दोन्ही गावांचे असत.

भूमिगतांनी हद्दीचा उपयोग कसा केला, हे समजण्यासाठी निरनिराळ्या दरबारांची वागणूक पाहिली पाहिजे. कारण संस्थान म्हणजे आपोआप आश्रय, असे मुळीच नव्हते. यशवंतराव चव्हाण हे मे १९४३ मध्ये आजारी पत्नीच्या भेटीसाठी फलटणला गेले असता तेथेच पकडले गेले. कोल्हापूर संस्थानात १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला करणाऱ्यांपैकी सात जण दरबारच्या पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. सांगली दरबारनेही भूमिगतांना तुरुंगात ठेवले. वसंतराव पाटील, म्हणजेच पुढे मुख्यमंत्री झालेले वसंतदादा, हे सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंगात होते. २४ जुलै १९४३ रोजी ते व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना प्राणास मुकावे लागले. वसंतराव खांद्याला गोळी लागून पुन्हा पकडले गेले.

औंधची गोष्ट वेगळी होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये आपल्या प्रजेला ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत त्याच काळात सुरू झाली. अशा दरबाराकडून काँग्रेसच्या भूमिगतांना पकडून देण्याची उत्साही कामगिरी होणे शक्यच नव्हते. उघड विरोध करावा, तर सार्वभौम सत्ता संस्थानचा कारभारच हाती घेण्याचे भय. शोध घ्यावा, तर स्वतःच्या घटनेशी व प्रजेशी द्रोह. या पेचातून औंधने मार्ग काढला तो संथपणाचा. त्यांच्याकडे पोलीस मुळातच थोडे होते. कुंडल हे जी. डी. लाड यांच्या ‘तुफान सेने’चे केंद्र बनले आणि सभोवारच्या तासगाव, खानापूर व वाळवा या तालुक्यांत तेथून ये-जा चालू राहिली. कुंडलच्या शिवेवर ब्रिटिश पोलिसांची गाडी थांबत असे, एवढे एकच कारण या केंद्राच्या टिकण्यास पुरेसे नव्हते. गावाने तोंड न उघडणे हे त्याहून मोठे कारण होते. पण हद्दीने गावाला वेळ मिळवून दिला.

७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेने कर्मचाऱ्यांचे पगार नेणारी गाडी अडवून सु. १९ हजार रुपये हस्तगत केले. लोहमार्गाच्या पट्ट्यावर निर्विवाद ब्रिटिश सत्ता असल्याने हा प्रकार अधिकाऱ्यांच्या विशेष जिव्हारी लागला. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटण्यात आला. त्यातही साताऱ्याचे भूमिगत होते व तेथील रक्कम सु. साडेपाच लाखांची होती. अशा घटनांमुळे ‘ही केवळ दरोडेखोरी होय’ असा प्रचार शासनाला करता आला. त्यात तथ्याचा थोडा अंश होता. हद्दींचा फायदा खरे दरोडेखोरही घेत होते, आणि प्रतिसरकारच्या नावाने घरे फोडणाऱ्या टोळ्याही निघाल्या. मात्र अशा टोळ्यांचा बंदोबस्त पोलिसांपेक्षा प्रतिसरकारनेच अधिक परिणामकारकपणे केला. सामान्य शेतकऱ्याला त्याच्याविषयी जो विश्वास वाटू लागला, त्याचे मूळ पुष्कळ अंशी यात आहे.

प्रतिसरकारने १९४३ नंतर गावोगाव न्यायदान मंडळे स्थापिली, जमिनीचे व कर्जाचे तंटे मिटविले, दारूबंदी केली, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले. ब्रिटिश यंत्रणेवर याचा जो आघात झाला, तो बंदुकीहून खोल होता. जिल्ह्याचा कारभार पोलीस पाटलाच्या डोळ्यांनी चालत असे. पाटील माहिती देईनासा झाला, तलाठी नजरेआड करू लागला व फिर्यादी तालुक्याला जाईनासे झाले, की कलेक्टराकडे येणारे कागद आपोआप कोरे होत जातात. खबऱ्यांना दिली जाणारी शिक्षा तळपायांवर मारण्याची असे. बैलाच्या खुरांना पत्री ठोकतात, त्यावरून ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. ‘प्रति’ या शब्दाचा तो ग्राम्य अपभ्रंश असावा, असेही एक मत आहे. या शिक्षेचे समर्थन करताना पुष्कळांनी तिला गमतीचा रंग दिला आहे. वस्तुतः ती क्रूर होती, आणि वैयक्तिक सूडापोटी निरपराध माणसांनाही ती भोगावी लागली असल्यास आश्चर्य नाही. भूमिगत नेत्यांनी तिला आवर घालण्याचे प्रयत्न केले, तरी ते सर्वत्र यशस्वी झाले असे म्हणता येत नाही.

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर होते ते मोठ्या तुकड्यांनी गावे वेढण्याचे, फरारी माणसांच्या घरादारांवर जप्ती आणण्याचे, नातेवाइकांना चौकीत बसवून ठेवण्याचे व पकडून देणाऱ्यास इनामे जाहीर करण्याचे. नाना पाटलांची मालमत्ता जप्त झाली. पण १९४२ पासून १९४६ पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. १९४४ मध्ये किसन वीर येरवड्याच्या तुरुंगातून निसटले. त्याच वर्षी सुटकेनंतर महात्मा गांधींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, तेव्हा साताऱ्यात त्यावर बराच खल झाला. काही जण प्रकट झाले. बहुसंख्य झाले नाहीत. अच्युत पटवर्धनांसारखे समाजवादी नेते या भागाच्या संपर्कात राहून १९४६ पर्यंत भूमिगतच होते.

महायुद्ध संपले व सत्तांतराची बोलणी सुरू झाली, तरी स्थानिक पोलिसांचा पाठलाग थांबला नाही. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळा पेट्याच्या डोंगराळ भागातील मणदूर येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर व नानकसिंग हे मारले गेले. नागनाथ नायकवडी यांच्या वाळव्याच्या गटातील हे दोघे. त्यांपैकी नानकसिंग आझाद हिंद सेनेतून आलेले. एप्रिल १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले व भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेण्यात आली. मणदूरची चकमक त्याआधी जेमतेम दीड महिन्याची होती.

सरहद्दीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर उरला नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध, सांगली, मिरज, फलटण आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन तासगाव, खानापूर, वाळवा व शिराळा यांना सांगली, मिरज, जत इ. संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. औंधचे कुंडल व ब्रिटिश तासगाव हे त्या वेळी प्रथमच एका कलेक्टराच्या अधिकारात आले.